सात नंबरचा बाप

तळ्याकाठच्या त्या रिसॉर्टचा पहिला पाइप जमिनीत गाडला तो नळमास्तरांनी. चाळीस खोल्या, अकरा सुट्या कॉटेज, टेकाडावर मोठी टाकी. एवढ्या पसाऱ्यात कुठला व्हॉल्व कुठल्या झुडपाखाली दडलाय ते एकट्या मास्तरांना ठाऊक. नकाशा कुणी काढलाच नव्हता. नवा मॅनेजर आला की नकाशा मागायचा, आणि मास्तर आपल्या टकलावर बोट ठेवून दाखवायचे. "हा इथं आहे. घडी घालता येत नाही."

एवढा विनोद म्हणजे त्यांचा वर्षाचा कोटा. बाकी माणूस गप्प. कमरेला पाना, शर्टाच्या खिशात वायसरांची पुडी, आणि तोंड बंद. त्यांची बायको धोबीघरात इस्त्रीला होती. ती म्हणायची, "ह्यांनी स्वतःच्या तोंडालाही वायसर बसवलाय. थेंब गळत नाही."

कामगारांच्या खोल्या रिसॉर्टच्या मागं, उतारावर. मास्तरांची ओळीत शेवटची, दाराचं तोंड थेट तळ्याकडं. दार उघडं राहिलं की वारा सरळ आत घुसायचा आणि स्टोव्ह विझवायचा. त्यामुळं घरात कुणीही पाऊल टाकलं की मास्तर मान वर न करता म्हणायचे, "आलास? दार लावून घे, वारा येतोय." बायको आली तर "आलीस?" एवढाच फरक. मांजर आली तरी हेच. त्या घरात याला स्वागत म्हणत. माया, चौकशी, काय असेल नसेल ते सगळं त्यातच यायचं.

पोरगा एकच. चालायला लागला तसा बापाच्या मागं पक्कड घेऊन हिंडायचा, बापानं हात मागं केला की पक्कड हातात. त्यावरून त्याचं नावच पडलं पक्कड. शाळेच्या हजेरीत दुसरं काही होतं, ते आम्हा रिसॉर्टच्या कामगारांपैकी कुणाला आठवत नाही. मोठा झाल्यावर तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत लागला, एका दिवसाच्या प्रवासावरच्या शहरात. बापासारखाच कमी बोलणारा, आणि बापासारखाच हेकट. खाण तशी माती.

मग मास्तरीणबाईंची छाती बिघडली. इस्त्रीच्या वाफेत उभी हयात गेली होती. तीन महिने इस्पितळात पडून होत्या. मास्तर फोन करायचे, पोरगा म्हणायचा, "सुट्टी मिळत नाही, पुढच्या आठवड्यात येतो." तो पुढचा आठवडा असा सात वेळा पुढं गेला. बाई दाराकडं तोंड करून झोपायच्या. नर्सनं कूस बदलून दिली की थोड्या वेळानं पुन्हा दाराकडं. मंगळवारी सकाळी गेल्या त्याही तशाच, दाराकडं तोंड करून.

पक्कड आला शनिवारी.

त्या दिवशी मास्तरांनी दार आतून लावून घेतलं होतं. पोरानं कडी वाजवली. "बाबा." आत मास्तर स्टुलावर बसून पाना पुसत होते. पाना लख्ख होता, तरी पुसत होते.

"बाबा, दार उघडा. एकदा बोलू तरी द्या."

आतून एकदाच आवाज आला. "जिला तोंड दाखवायचं होतं ती गेली. मला काय दाखवतोस?"

पोरगा पायरीवर बसला, चार तास. आम्ही येताजाता बघत होतो आणि बघितलं नाही असं दाखवत होतो. खोल्यांच्या चादरी बदलणारी बाई, तिला सगळे चादरवालीच म्हणत, तिनं त्याला चहा नेऊन दिला. त्यानं कप नुसता हातात धरला. दुपारच्या बसनं निघून गेला. संध्याकाळी मास्तरांनी दार उघडलं, पायरीवरचा कप उचलला, धुतला आणि चादरवालीला नेऊन दिला. "तुमचा आहे," म्हणाले.

मास्तरांची बहीण शेजारच्या ओळीत राहायची. तिला सगळे आत्या म्हणत. तिनं पुष्कळ डोकं फोडलं.

"दादा, सुंभ जळाला तरी तुझा पीळ काही जळत नाही बघ. पोर आहे ते तुझं."

"येऊ दे. आला तर बघू."

"आला होता की!"

"तेव्हा आला होता. आता येऊ दे."

ती पोराला फोन करायची, तर तोही बापाचाच. "आत्या, ज्या दारात चार तास बसलो, त्या दारात परत नाही येणार. त्यांना वाटलं तर त्यांनी उघडावं आणि बोलवावं." आत्या फोन ठेवून म्हणायची, "दोन दगड आहेत. मधे मी चटणी."

अशी दोन वर्षं गेली. मग टीव्हीवाले आले.

त्यांना टीव्हीसाठी एक सिनेमा काढायचा होता. गोष्ट अशी की एका रिसॉर्टात पाहुणे येतात आणि तिथं प्रत्येकाची मनातली इच्छा एका दिवसापुरती खरी होते. एक कारकून जहाजाचा कप्तान होतो. दोन म्हाताऱ्या बहिणी विशीतल्या पोरींसारख्या रात्रभर नाचतात. आणि एक माणूस असतो, त्याला फक्त एवढंच पाहिजे असतं की मेलेल्या बापानं एकदा दार उघडावं. हा बाप सात नंबरच्या कॉटेजमध्ये. ज्या नटाला बाप व्हायचं होतं त्याची दाढ सुजली आणि गाल भोपळ्याएवढा झाला. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला होता, तेवढ्यात मोरीच्या बेसिनखालून मास्तर बाहेर निघाले, पाना हातात, कोपरापर्यंत काळे.

"हाच!" दिग्दर्शक ओरडला. "हा चेहरा बघा. या माणसाचं कुणीतरी काहीतरी केलंय."

त्यांनी मास्तरांच्या हातात अर्ध्या पानाचं भाषण दिलं. क्षमा, रक्ताचं नातं, काय काय. मास्तरांनी वाचलं आणि परत दिलं. "एवढं मी लग्नापासून बायकोशीसुद्धा बोललो नाही." चार वेळा प्रयत्न झाले, चारही वेळा ते तिसऱ्या ओळीत बुडाले. शेवटी दिग्दर्शक टेकीला आला. "ते जाऊ द्या. नुसतं दार उघडा, मनात चार आकडे मोजा, आणि तोंडाला येईल ते बोला."

मास्तरांनी दार उघडलं. बाहेर पोराचं काम करणारा नट, रडायच्या तयारीत. एक, दोन, तीन, चार.

"आलास? दार लावून घे, वारा येतोय."

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. पण तिथल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला. दिवा धरणाऱ्या माणसानं बाहीला नाक पुसलं. चादरवाली तोंड फिरवून बाहेर गेली. ते वाक्य कुणाचं, ते आम्हाला माहीत होतं. दोन वर्षांत त्या घरात ते कुणी ऐकलं नव्हतं. नट खुर्चीत बसून खरंच रडला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "ऊठ आता. टाकीची वेळ झाली."

ते त्यांनी खरोखरच म्हटलं होतं. पाच वाजता वरच्या टाकीचा व्हॉल्व उघडायचा असतो, नाहीतर संध्याकाळी पाहुणे साबण लावून कोरड्या नळाखाली उभे. पण कॅमेरा चालू होता. सिनेमात तो भाग त्याच वाक्यावर संपतो.

सिनेमा टीव्हीवर लागला, पुन्हा लागला, आणि मग पाहुण्यांची पत्रं सुरू झाली. मॅनेजरबाई हुशार. त्यांनी सिनेमातली गंमत खरीच सुरू केली: छापील अर्ज भरा, इच्छा लिहा, दोन दिवस राहा. कप्तानाची टोपी महिन्यात धूळ खात पडली, नाचाची हौसही फिटली. बाप मात्र चालला. मेलेला बाप, न बोलणारा बाप, दूरच्या गावचा हट्टी बाप. लोक दारावर टकटक करायचे, मास्तर चार आकडे मोजून दार उघडायचे आणि म्हणायचे ते वाक्य. मग अर्धा तास गिऱ्हाईक बोलायचं, रडायचं. मास्तरांनी तीन-चार वाक्यं बसवून घेतली होती. "जे झालं ते झालं." "मी केव्हाच विसरलो." "तुला बघितलं, बरं वाटलं." पाचला पाच कमी असताना खांद्यावर हात आणि "ऊठ आता. टाकीची वेळ झाली." सिनेमा पाहिलेले लोक या वाक्याची वाटच बघत बसलेले असायचे. ते ऐकलं की डोळे पुसून हसतमुखानं उठायचे.

सकाळी मास्तरांना एक गुलाबी चिठ्ठी मिळायची. तीन ओळी: हाक मारायचं नाव, काय चुकलं, काय ऐकायचंय. एकदा एक बाई चक्कर येऊन पडली, तेव्हापासून आतल्या मोरीत चादरवालीला टॉवेल आणि पाण्याचा ग्लास घेऊन बसवत. तिथून तिला सगळं ऐकू यायचं. एकदा सत्तरीचा म्हातारा आला, या बापापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. मास्तरांनी त्यालाही म्हटलं, "आलास?" म्हातारा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. त्याला उठवायला दोन माणसं लागली.

मुदपाकखान्यातला आचारी त्यांना पगारी बाप म्हणायचा. "काय पगारी बाप, आज किती पोरं झाली?" मास्तर चहा पिऊन निघून जायचे. आत्याचं तोंड जास्त तिखट. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जगाच्या पोरांना दार उघडतोस, तुझ्या पोरानं काय घोडं मारलं?"

"ते काम आहे," मास्तर म्हणायचे.

पक्कडनंही सिनेमा बघितला होता. शहरातल्या खोलीत आठ कामगार राहायचे, रविवारी दुपारी टीव्ही लागलेला, हा कोपऱ्यात कपडे धूत होता. त्याच्या कानावर ते वाक्य आलं. त्या आठवड्यात त्यानं स्वतःहून आत्याला फोन केला. "आत्या, बाबांनी आमच्या घरचं वाक्य परक्याला दिलं."

"मग ये आणि मागून घे," आत्या म्हणाली.

त्याला यायला पुढं सहा वर्षं लागली.

मंगळवारची गोष्ट. सकाळी मास्तरांच्या हातात चिठ्ठी पडली. हाक मारायचं नाव: पक्कड. काय चुकलं: चार दिवस उशीर झाला. काय ऐकायचंय: ही ओळ कोरी होती.

मास्तर चिठ्ठी घेऊन धोबीघरात गेले. चादरवाली चादरी मोजत होती. त्यांनी चिठ्ठी तिच्यापुढं धरली. तिनं वाचली आणि मोजणी चुकली.

"गिऱ्हाईक होऊन आला," मास्तर म्हणाले.

"मग काय करेल? घरचं दार तुम्ही उघडत नाही. इथलं उघडणं तुमची ड्यूटी आहे, एवढं त्याला कळतं."

"पावती फाडून बापाला भेटायला आलाय."

"आणि तुम्ही सहा वर्षं पगार घेऊन कुणाला भेटताय?"

मास्तरांनी चिठ्ठीची घडी घातली. मग चादरवालीच्या जिवाला राहवेना. "मास्तर, देवानं पायानं चालवत आणलंय. माती करू नका. काय म्हणणार त्याला?"

"घरी चल म्हणेन."

"एवढं म्हणा. बाकी काही म्हणू नका."

त्या दिवशी त्यांनी बारा नंबरच्या खोलीतला नळ असा आवळला की आटे गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा. दुपारी घरी जाऊन झाडलं, दुसरी खाट भिंतीपासून ओढली, गादी उन्हात टाकली. दोघांचा स्वयंपाक करून दोन ताटं झाकून ठेवली. आत्या खिडकीतून बघत होती. तिनं काही विचारलं नाही, म्हणजे केवढं झालं समजा. साडेचारला मास्तर सात नंबरमध्ये जाऊन उभे राहिले. आत मोरीत चादरवाली टॉवेल घेऊन.

पुढचं तिनं सांगितलेलं.

टकटक झाली. मास्तरांनी दार उघडलं. पोरगा आठ वर्षांनी समोर उभा, कानशिलं पांढरी झालेली. आणि मास्तरांचे ओठ हलायला लागले. एक, दोन, तीन, चार. सवय. पोरानं ते हलणारे ओठ बघितले.

"आलास? दार लावून घे, वारा येतोय."

पोरानं दार लावून घेतलं. "वाक्य तेच आहे अजून."

"दुसरं कुठून आणू."

पोरगा खुर्चीत बसला. सगळी गिऱ्हाइकं बसतात त्याच. मास्तर समोरच्या पलंगाच्या कडेवर.

"वाळलास."

"तुम्ही पण."

"तुझंही टक्कल निघायला लागलंय."

"घराण्यातलं आहे," पोरगा म्हणाला, आणि दोघं थोडं हसल्यासारखे झाले. चादरवालीला वाटलं, गाडी रुळावर आली.

मग पोरगा खाली बघून बोलायला लागला. "बाबा, मी खोटं बोललो होतो. सुट्टी मिळत होती. मी आलोही होतो एकदा. इस्पितळात, वरच्या मजल्यापर्यंत. दाराच्या काचेतून बघितलं. ती दाराकडं तोंड करून झोपली होती. नुसती हाडं. तिचे डोळे उघडे होते. मला वाटतं तिनं मला बघितलं. मी पळालो. जिन्यानं पळालो, लिफ्टची वाट बघवेना. लिफ्ट बसवणारा माणूस मी."

चादरवाली म्हणते, मास्तरीणबाई शेवटपर्यंत दाराकडं का वळत होत्या, ते मास्तरांना त्या क्षणी कळलं असणार. आठ वर्षं मनात धरलेली गोष्ट पोरानं आणून त्यांच्या मांडीवर ठेवली होती. आता बापानं ओरडावं, रडावं, थोबाडीत मारावी, काहीही करावं.

मास्तर म्हणाले, "जे झालं ते झालं."

पोरानं वर बघितलं. "हे सगळ्यांना म्हणता ना?"

"मी केव्हाच विसरलो."

"तुम्ही विसरला नाहीत, बाबा. विसरू नका. शिव्या द्या मला."

त्या पलंगावर बसून सहा वर्षं त्यांनी एकच गोष्ट केली होती. तिथं रागवायची सोय नव्हती, गिऱ्हाइकाला ते चालत नसे. पानाही वापरला नाही तर गंजतो. "तुला बघितलं," ते म्हणाले, "बरं वाटलं." आणि हे खरं होतं. पण हेही त्यांनी त्या आधी शेकडो लोकांना म्हटलेलं होतं, त्याच सुरात, आणि खरं असलं म्हणून सूर कुठून बदलणार?

"शुक्रवारी माझी बोट आहे," पोरगा म्हणाला. "समुद्रापलीकडं काम मिळालंय. पाच वर्षांचा करार."

"पाच."

"पाच. अजून सही केली नाही. उद्या करायची."

आत चादरवालीनं टॉवेल दातात धरला होता. म्हणा, घरी चल म्हणा. दोन अक्षरं आणि दोन अक्षरं, म्हणा की हो.

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पाचला पाच कमी. ते उठले. पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ आता. टाकीची वेळ झाली."

पोरगा त्यांच्याकडं बघत राहिला. "झाली का वेळ?"

"झाली," मास्तर म्हणाले, आणि दार उघडून टेकाडाच्या वाटेला लागले.

त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी नंतर चादरवालीला सांगितलं, एकदाच. व्हॉल्व उघडायचा, दहा मिनिटांत परत यायचं आणि पोराला घेऊन घरी जायचं. वाटेत बोलायचं. "मला बसून बोलायची सवय नाही. चालताना आलं असतं तोंडात. आणि टाकीची वेळ त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या वेळेला तो माझ्यासाठी पायरीवर थांबायचा." त्यांना वाटलं, थांबेल.

पोरगा उठला. चादरवाली नियम मोडून बाहेर आली. "थांब रे बाबा. येतील ते. टाकी उघडून येतील."

"काकू," तो म्हणाला, "मी सिनेमा चार वेळा बघितलाय. इथंच संपतं."

"अरे, घरी ताट झाकून ठेवलंय तुझं!"

"त्यांनी सांगितलं असतं की मग," पोरगा म्हणाला. रागानं नाही. टेबलावर पाहुण्यांनी जाताना भरायचा कागद होता, त्यानं उभ्याउभ्या भरला. चादरवाली पायऱ्या उतरून त्याच्या मागं गेली, पण तिचे गुडघे ते काय. पाहुण्यांना बसपर्यंत सोडणारी गाडी फाटकात तयारच असते. त्या बाबतीत रिसॉर्टची व्यवस्था चोख.

मास्तर परत आले, हात ओले. खुर्ची रिकामी. जाताना मॅनेजरबाई समोरून आल्या, कागद हलवत. "मास्तर, आजचा गडी एकदम खूश होऊन गेला बरं का. बघा, इच्छा पूर्ण झाली का, तर 'हो' वर दोनदा खूण केलीय."

मास्तरांनी कागद बघितला, परत दिला. "बरं झालं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चादरवालीनं विचारलं, ताटाचं काय केलं. मांजरीनं खाल्लं म्हणाले. मांजर मरून चार वर्षं झाली होती.

आत्या बुधवारी सकाळी त्यांच्या दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. पोराला फोन करून आली होती. "म्हणतोय, भेटलो की, दार उघडलं त्यांनी, आता आणखी काय. दादा, शुक्रवारपर्यंत वेळ आहे. ऊठ आणि बंदरावर जा. आज मान खाली घातलीस तर काय टक्कल गळून पडणार नाही तुझं."

"टाकी कोण बघेल?"

"दुसरा कुणी उघडेल!"

"कुणाला ठाऊक आहे कुठला व्हॉल्व कुठं आहे?"

आत्यानं कपाळावर हात मारला. पण ही सबब नव्हती. मास्तरांनी त्याच दुपारी घरात बसून नकाशा काढायला घेतला. जुन्या गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, त्यांच्या पाठी एकाला एक चिकटवल्या, आणि पेन्सिलनं एकेक पाइप, एकेक झुडूप, एकेक व्हॉल्व मांडायला लागले. पुढच्या बाजूला कुणाकुणाची हाक मारायची नावं, मागच्या बाजूला पाइप. घाईघाईत चार रेघा मारून निघता आलं असतं, आम्हीच त्यांना म्हटलं तसं. पण त्यांना अर्धं काम येत नव्हतं. एखाद्या व्हॉल्ववर शंका आली की खोरं घेऊन जायचे, उकरून बघायचे आणि येऊन पेन्सिल धरायचे. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी पोराची बोट सुटली. नकाशा शनिवारी पूर्ण झाला.

तो त्यांनी मॅनेजरबाईंच्या टेबलावर ठेवला. बाई हरखल्या. भिंतीवर काचेत लावला. आता पाचला टाकी कुणीही उघडू शकतं.

त्यानंतर मास्तर बाप म्हणून टिकले नाहीत. दार उघडायचे, वाक्यही म्हणायचे, पण शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. पाच वाजून जायचे आणि हे आपले बसूनच. गिऱ्हाईक रडून मोकळं व्हायचं, अवघडायचं, घड्याळाकडं बघायचं. शेवटी तेच विचारायचं, "मी जाऊ का?" सिनेमासारखं झालं नाही अशा तक्रारी आल्या. मॅनेजरबाईंनी गोडीगुलाबीनं त्यांना पुन्हा नळांवर घेतलं आणि पाहुण्यांना बसवर सोडणारा ड्रायव्हर बाप झाला. मिशा आहेत, आवाज दमदार. लोकांना पटला.

आत्याकडं अधूनमधून फोन येतो. बरा आहे, काम भरपूर आहे, तिकडच्या इमारती फार उंच. बाबांना सांग म्हणतो. आत्या सांगते. मास्तर "बरं" म्हणतात.

परवा सात नंबरच्या मोरीत बेसिनखालचा सांधा ठिबकायला लागला. मास्तर आडवे होऊन खाली शिरले. जुना सांधा खोलला, पाणी मनगटावरून कोपरात चाललेलं, आणि बाहेरच्या खोलीत टकटक झाली. त्या दिवशीचं गिऱ्हाईक लवकर आलं होतं. चादरवाली टॉवेल घेऊन तिथंच होती. तिनं खुणेनं विचारलं, निघता का मागच्या दारानं? हात काढला असता तर पाणी जमिनीवर सांडून आवाज झाला असता. मास्तरांनी मान हलवली. नाही.

बाहेर दार उघडलं. थोडा वेळ काहीच नाही. बेसिनखाली मास्तरांचे ओठ हलले. एक, दोन, तीन, चार.

"आलास?" ड्रायव्हर म्हणाला. "दार लावून घे, वारा येतोय."

बाहेर कुणीतरी दार लावून घेतलं, आणि रडायला लागलं. मास्तर अर्धा तास तसेच पडून राहिले, खोललेल्या सांध्यावर तळहात दाबून. थेंब गळू दिला नाही.